ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आलात, आता काम कसं करायचं?

कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या संस्थेवर असणं अंगवळणी पडलेलं असतं. दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, तालीम मंडळ, शिक्षण संस्था. त्यामुळे वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर नाव आलं की माणूस जुन्याच सवयीनं तिथं जातो. दोन महिन्यांनी सभा, चहा, प्रोसिडिंगवर सही, वर्षाकाठी एक व्याख्यानमाला आणि व्यासपीठावर खुर्ची. कार्यवाह प्रेमानं सांगतात, "तुम्ही फक्त सही करा, बाकीचं आम्ही बघतोय की." बहुतेक जण तेवढंच करतात आणि पाच वर्षं निघून जातात.

हा लेख त्यापेक्षा थोडं जास्त करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तुमचं वाचनालय शहरातल्या पेठेतलं जुनं असो की शाहूवाडी-भुदरगडातल्या गावातलं सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचं, कामाची रीत फारशी बदलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तपासणीपुरतं चालणारं ग्रंथालय आणि वाचकांसाठी चालणारं ग्रंथालय यांतला फरक ग्रंथपाल ठरवत नाही, सरकारही ठरवत नाही. तो मंडळाच्या सभेत ठरतो.

ग्रंथालय कुणाचं, हे आधी समजून घ्या

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सरकारी ग्रंथालय असा सर्रास समज आहे. शासकीय जिल्हा ग्रंथालयासारखे अपवाद सोडले, तर आपल्याकडची ग्रंथालयं संस्थांची आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर १८७० पासूनचं. ग्रंथालयांचा कायदा त्यांच्या कितीतरी नंतर आला. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, म्हणजे मद्रास प्रांताच्या १९४८ च्या प्रसिद्ध कायद्याच्याही आधी. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये आला आणि त्याखाली १९७० चे अनुदानाचे नियम. तामिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात तो नाही. आपली रचना अशी, की संस्था नागरिकांनी चालवायची आणि शासनानं मान्यता व अनुदान द्यायचं.

म्हणजे इमारत, पुस्तकं, ठेवी, कर्मचाऱ्यांचे पगार, थकलेलं वीजबिल, या सगळ्याचं उत्तर शेवटी मंडळानं द्यायचं. तुम्ही एकटे कुणीच नाही, हेही लगेच लक्षात घ्या. सभेबाहेर सदस्याला कसलाही अधिकार नसतो. काउंटरवर जाऊन शिपायाला हुकूम सोडणारा सदस्य आणि सभेला न येणारा सदस्य, दोघंही मंडळाला सारखेच निरुपयोगी.

पहिल्या सभेआधी मागायचे कागद

निवड झाल्याच्या आठवड्यातच कार्यवाहांकडे लेखी मागणी करा. लेखी यासाठी, की तोंडी मागितलेले कागद "शोधून ठेवतो" या उत्तरात विरून जातात. संस्थेची घटना म्हणजे नियमावली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा उतारा, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ग्रंथालय खात्याचे शेवटचे तपासणी अहवाल, जागेचे कागद, कर्मचाऱ्यांची यादी आणि मागच्या दोन वर्षांचं प्रोसिडिंग. एवढं पुरे.

घटना वाचताना चार गोष्टी पेन्सिलीनं खुणा करून ठेवा: सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, मुदत किती वर्षांची, आणि खर्च मंजूर करायचा अधिकार कुणाला किती रकमेपर्यंत. बरीच भांडणं याच चार ठिकाणी होतात. घटनेची प्रत कुणाकडंच नाही, असंही निघतं. मग धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत काढून घ्या. त्याआधी कुठलाही मोठा ठराव करू नका.

पीटीआरच्या उताऱ्यावर संस्थेचे विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती ते लिहिलेलं असतं. तो काढला की पुष्कळ वाचनालयांत धक्का बसतो. त्यावर दोन-तीन निवडणुकांपूर्वीचं मंडळ असतं, त्यातले काही जण हयातही नसतात. कारण एकच, बदल अर्ज दाखल झालेला नसतो किंवा मंजूर झालेला नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये किंवा मालमत्तेत बदल झाला, की ९० दिवसांत तो कळवावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, प्रोसिडिंगची प्रत, नव्या मंडळाची संमतिपत्रं आणि जमल्यास जुन्या सदस्यांची ना हरकत लागते. मुदत टळली असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून दाखल करता येतं. हे काम रेंगाळलं की बँक नव्या सह्या घ्यायला कुरकुर करते, आणि उद्या कुणी वाद घातला तर तुमच्या मंडळाच्या सगळ्याच ठरावांवर बोट ठेवता येतं. म्हणून पहिल्या सभेचा पहिला विषय बदल अर्जाचा हवा, सत्काराचा नव्हे.

मालमत्तेचंही तसंच. वाचनालयाची इमारत कधी कुणी देणगीदारानं बांधून दिलेली असते, जागा नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असते आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तिसऱ्याचंच नाव असतं. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, घरफाळ्याची पावती आणि पीटीआर शेजारी शेजारी ठेवून बघा. तिन्ही जुळत नसतील, तर वकिलाची फी हा वर्षातला सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरेल.

दोन कार्यालयं, दोन वेगळे हिशेब

ग्रंथालयाला दोन ठिकाणी उत्तर द्यावं लागतं. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला, आणि मान्यताप्राप्त ग्रंथालय म्हणून ग्रंथालय संचालनालयाला. जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतात, त्यांच्यावर पुण्याचे सहायक ग्रंथालय संचालक. पहिल्या कार्यालयाला विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हिशेब तपासला का, यात रस असतो. दुसऱ्याला सभासद किती, ग्रंथ किती, वाढ किती, उघडं किती वेळ, कर्मचारी कोण, यात. एकाचे कागद नीट असले म्हणून दुसऱ्याचे नीट असतातच असं नाही.

ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि जिल्हा, तालुका, इतर असे प्रकार असतात. वर्गाप्रमाणे अनुदानाची कमाल रक्कम ठरते. ती वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मग एकदम वाढते. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ६० टक्के वाढ मंजूर केली, त्याआधीची वाढ २०१२ मधली होती. २०१२ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी राज्यभर ग्रंथालयांची खास पडताळणी झाली आणि कागदावरच चालणारी ग्रंथालयं उघडी पडली. कुलूप लावलेलं कपाट, एकाच दिवशी एकाच शाईनं भरलेली वाचकांची हजेरी, असल्या गोष्टी ओळखायला तपासनिसाला पाच मिनिटं लागतात.

म्हणून नोंदवह्या स्वतः बघा. दाखलनोंद रजिस्टर (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद), सभासद नोंद, देवघेव, वृत्तपत्रं-नियतकालिकांची नोंद, जडवस्तू रजिस्टर, कर्मचाऱ्यांचं हजेरीपत्रक, किर्द-खतावणी, शेरेबुक. सगळं तपासत बसायची गरज नाही. एक सोपी युक्ती सांगतो. दाखलनोंद रजिस्टरमधले कुठलेही वीस क्रमांक निवडा आणि ती पुस्तकं कपाटात किंवा देवघेवीत सापडतात का बघा. मग उलटं करा, कपाटातली वीस पुस्तकं काढून त्यांची नोंद शोधा. अर्ध्या तासात ग्रंथालयाची प्रकृती कळते. सापडली नाहीत म्हणून ग्रंथपालावर आवाज चढवू नका. पुस्तकं हरवतात, वाचक गाव सोडून जातात, वाळवी लागते. प्रश्न असा विचारा, की शेवटची ग्रंथमोजणी कधी झाली आणि बाद करायच्या पुस्तकांचा ठराव कधी झाला?

पैसा

हा भाग सर्वांत कंटाळवाणा वाटतो, म्हणून इथंच मंडळं अडकतात.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. सी.ए. तुमच्याकडं जून-जुलैत यावा असं बघा. गणपतीनंतर धावाधाव सुरू झाली, की न समजता सह्या होतात. अहवालात पहिल्यांदा ताळेबंद वाचा, जमाखर्च नंतर. ताळेबंदात 'सभासद अनामत' असा आकडा दिसेल. ही रक्कम ग्रंथालयाची नाही. सभासदत्व सोडताना ती परत करायची असते, म्हणजे ते देणं आहे. कित्येक वाचनालयांनी ही अनामत पगारात आणि रंगरंगोटीत वापरून टाकलेली असते. तेवढ्या रकमेची मुदत ठेव खरंच आहे का, एवढा एक प्रश्न विचारलात तरी खजिनदार तुम्हाला गांभीर्यानं घेऊ लागतील.

ठेवींबद्दल आपल्या जिल्ह्यात खास जपायला हवं. पतसंस्था इथं पावलोपावली आहेत, मंडळातले एक-दोघं कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे संचालक असतात आणि "आपल्याच संस्थेत ठेवूया, एक टक्का जास्त देतो" हा आग्रह होतोच. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठं ठेवायचा हे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ नं ठरवून दिलं आहे: अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनानं त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. याबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मित्राला नाही म्हणणं अवघड जातं. ठरावाला विरोध असल्याचं प्रोसिडिंगमध्ये नाव घालून नोंदवून घ्या, निदान पुढची चौकशी तुमच्या दारात येणार नाही.

अनुदान हप्त्यानं येतं आणि बहुधा वाट बघायला लावतं. मधल्या काळात पगार थांबतात. ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांचे पगार मुळातच इतके कमी असतात की दोन महिने थांबले तर घर चालत नाही. निदान सहा महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी वेगळ्या खात्यात ठेवायचा ठराव करा. ती एकदम उभी राहणार नाही. सभागृहाचं भाडं, अभ्यासिकेची फी, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी, आजीव सभासदांच्या वर्गणीचा काही हिस्सा, असं करत दोन-तीन वर्षांत जमते. अनुदानातला किती भाग पगारावर आणि किती ग्रंथांवर खर्चायचा याचे नियम आहेत, ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या आणि खजिनदारांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

जागा भाड्यानं देताना सांभाळा. तळमजल्यावर दुकानगाळे काढून वाचनालयाला उत्पन्न, ही कल्पना दर निवडणुकीनंतर कुणीतरी मांडतं. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विकायची तरी लागतेच. संस्थेसाठी कर्ज काढायलाही परवानगी हवी. हे न पाळता केलेले व्यवहार वीस वर्षांनी कोर्टात निघतात. हिशेब सतत न देणाऱ्या किंवा कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्ताला काढून टाकायचा अधिकारही कलम ४१-ड खाली धर्मादाय आयुक्तांना आहे.

देणगीची पावती जागच्या जागी द्या. देणगीदाराला आयकरातली ८० जी ची सवलत देणार असाल, तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. आयकराच्या नोंदणीची मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा या बाबतीत सी.ए.चं ऐका, माझं नको.

सभेत बसायचं कसं

विषयपत्रिका सभेआधी आठवडाभर हातात हवी आणि खर्चाच्या विषयाबरोबर कागद हवेत. "आयत्या वेळचे विषय" या सदरात फर्निचर खरेदी येऊ देऊ नका. तिथं शोकप्रस्ताव, अभिनंदन, किरकोळ सूचना याव्यात.

काही ठिकाणी प्रोसिडिंग बुक शिपायाबरोबर घरोघरी फिरतं. सभा झालेलीच नसते, सह्या मात्र गणसंख्येएवढ्या होतात. यावर सही करू नका. कार्यवाह नाराज होतील, चालेल. "सभा फोनवर ठेवूया, पंधरा मिनिटांत होईल" असा पर्याय पुढं ठेवा, पण आपली घटना तसं करू देते का ते बघून.

प्रोसिडिंगमध्ये चर्चा कमी आणि निर्णय स्पष्ट असावा. कोण करणार, किती रुपयांत, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना प्रत्येक ठरावाचं काय झालं ते एका वाक्यात विचारा. ही सवय लावली तर निम्मे ठराव मुळात होतच नाहीत, कारण ते करायचे नसतात.

खरेदीत नातं आलं, की उठून बाहेर जा. मंडळातल्या सदस्याचं पुस्तकांचं दुकान असतं, छापखाना असतो, मेव्हणा रॅक बनवतो. यात गैर असेलच असं नाही. पण तीन दरपत्रकं मागवा, संबंधित सदस्यानं संबंध असल्याचं सांगावं, चर्चेत बसू नये आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहावं.

ग्रंथपाल तुमचा नोकर नाही

तो संस्थेचा कर्मचारी आहे. फरक मोठा आहे. अकरा सदस्यांनी अकरा सूचना दिल्या, की तो सगळ्यांना "हो सर" म्हणतो आणि काहीच करत नाही. त्यात त्याचा दोष नाही. मंडळानं ठरवावं की ग्रंथपालाला सूचना एकट्या कार्यवाहांकडून जातील. तुम्हाला काही सुचलं तर कार्यवाहांना सांगा, कपाटाची धूळ दिसली तरी.

ग्रंथपालाला प्रत्येक सभेत बोलवा आणि पाच मिनिटं बोलू द्या. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग झालेला नसेल तर त्याची फी संस्थेनं भरावी. निर्गम सहायक (पुस्तकं देणारा-घेणारा), शिपाई यांच्या नेमणुकीची पत्रं आहेत का, पगार बँकेतून होतो का, हेही बघा. रोखीनं अर्धा पगार देऊन पूर्ण रकमेच्या व्हाउचरवर सही घेण्याची वाईट चाल काही संस्थांत असते. आपल्याकडं तसं चालत असेल, तर मंडळावर राहायचं की नाही याचा विचार करा. यात मधला मार्ग नसतो.

पुस्तकं कोण निवडतं?

मार्च उजाडला की खर्च दाखवायचा म्हणून एका विक्रेत्याकडून एकगठ्ठा खरेदी होते. भरघोस सवलतीत मिळालेली, कुणीच न मागितलेली पुस्तकं कपाटात जातात आणि ग्रंथसंख्या वाढते. अहवालात हे शोभून दिसतं.

त्याऐवजी काउंटरवर एक वही ठेवा: वाचकानं मागितलं आणि मिळालं नाही ते पुस्तक. दर महिन्याला ग्रंथनिवड समितीनं ती वही पुढं ठेवून खरेदी करावी. समितीत मंडळातले दोघं, ग्रंथपाल आणि दोन नियमित वाचक असावेत. त्यातली एक गृहिणी असावी, हा माझा हट्ट. वाचनालयातली सर्वांत जास्त पुस्तकं कुणाच्या नावावर जातात ते देवघेव रजिस्टर बघून तुम्हीच ठरवा. शासनमान्य ग्रंथांची यादी दर वर्षी बघावी, मात्र ती निवडीचा शेवट समजू नये.

भेट पुस्तकांचं एक धोरण लिहून ठेवा. कोल्हापुरात पुस्तकं लिहिणाऱ्यांची कमतरता नाही, आणि वडिलांच्या पश्चात त्यांचा संग्रह वाचनालयाला द्यायची घरच्यांची इच्छाही प्रामाणिक असते. पण अट घालून दिलेली भेट, म्हणजे स्वतंत्र कपाट, नावाची पाटी, कधीच बाद करायचं नाही, ही पुढच्या पिढीवर लादलेली जागेची अडचण असते. धोरणात एवढं असावं: आम्हाला उपयोगी ती पुस्तकं ठेवू, उरलेली दुसऱ्या ग्रंथालयांना देऊ, नोंद देणगीदाराच्या नावानं करू. स्थानिक इतिहास, संस्थानकाळातली छापील कागदपत्रं, जुनी नियतकालिकं मात्र विचार न करता घ्या. त्यांची दुसरी प्रत कदाचित कुठंच नसेल.

संगणकीकरणाला घाबरायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय आणि मुक्त असलेलं कोहा या दोन्ही सॉफ्टवेअरवर मराठी ग्रंथालयं चालतात. सॉफ्टवेअरपेक्षा नोंदी भरायला माणूस मिळणं अवघड असतं. तेव्हा एकदम सगळं न करता देवघेवीत फिरणारी पुस्तकं आधी भरा.

कोणता आकडा विचारायचा

"एकूण सभासद किती?" हा प्रश्न टाळा. उत्तर नेहमी समाधानकारक येतं. मागच्या तीन महिन्यांत एकदा तरी पुस्तक नेलेले सभासद किती, ते विचारा. बालविभागातली देवघेव वेगळी मागा. संध्याकाळी सहा ते आठ किती जण येतात आणि ग्रंथालय त्या वेळी उघडं असतं का, ते बघा. नोकरी करणाऱ्याला सकाळी अकरा ते पाच उघड्या वाचनालयाचा काय उपयोग?

अभ्यासिकेवरून मंडळात वाद होणारच. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सहापासून जागा धरतात, पुस्तक एकही नेत नाहीत, फी देतात. ज्येष्ठ वाचकांना पेपर वाचायला खुर्ची मिळत नाही. मला विचाराल तर अभ्यासिका असावीच. खेड्यातून येऊन एका खोलीत चौघं राहणाऱ्या पोराला शांत टेबल मिळणं ही ग्रंथालयाचीच सेवा आहे. पण तिचा हिशेब वेगळा ठेवा, वेळा आणि जागा ठरवा, आणि तिच्या उत्पन्नातला काही वाटा बालविभागाला द्या. नाहीतर दहा वर्षांनी फक्त अभ्यासिका उरते.

पूर

कोल्हापूरच्या ग्रंथालयाच्या मंडळानं हा विषय दर मे महिन्यात घ्यायलाच हवा. २००५, २०१९ आणि २०२१ नंतर "आपल्याकडं पाणी येत नाही" असं म्हणायची सोय राहिलेली नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटाला येतं ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, २०१९ ची रेषा भिंतीवर रंगवून ठेवा आणि ठराव करून ठेवा: अमुक पातळीला खालचे दोन कप्पे रिकामे, अमुक पातळीला जुना संग्रह वरच्या मजल्यावर. किल्ली कुणाकडं, दहा तरुण कुठल्या तालमीतून येणार, वीज कोण बंद करणार, हे नावानिशी लिहा. दुर्मीळ पुस्तकं आणि दाखलनोंद रजिस्टर तळमजल्यावर मुळीच ठेवू नका. रजिस्टर स्कॅन करून त्याची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, कारण ते भिजलं तर नेमकं काय गेलं हेही सांगता येत नाही. ग्रंथांसह सगळ्या साहित्याचा विमा असावा आणि त्यात पुराचा धोका धरलेला असावा. पॉलिसी वाचा.

भिजलंच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, ४८ तासांनंतर बुरशी धरू लागते. चिखलाचं पुस्तक मिटलेलंच ठेवून बाहेरून स्वच्छ पाण्यानं हलकं धुवावं, पानं ओढून उघडू नयेत. उभं करून, पानं थोडी फाकवून, पंख्याखाली सावलीत वाळवावं. उन्हात ठेवलं की कागद वाकतो. गुळगुळीत कागदाची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामध्ये कोरा कागद घालत राहावं. मोलाची पुस्तकं एवढ्या घाईत वाळवता येणार नसतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवावीत, बुरशी थांबते आणि सवडीनं काम करता येतं. त्यासाठी एखाद्या शीतगृहाच्या मालकाशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवा. बाजारात मिळणारी पुस्तकं वाचवत बसू नका, नवी घ्या.

बाहेरचा पैसा

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना मदत करतं. समान निधी (राज्याचाही वाटा असलेला) आणि असमान निधी (फक्त प्रतिष्ठानचा) अशा योजनांतून ग्रंथ, फर्निचर, इमारत, बालविभाग यांसाठी, तसंच शताब्दीसारख्या प्रसंगी साहाय्य मिळतं. प्रस्ताव ग्रंथालय खात्यामार्फत जातो. कागद नीट असलेल्यांना ते जमतं, म्हणून वरच्या सगळ्या भानगडी. लोकप्रतिनिधींच्या निधीतून इमारतीचं काम होऊ शकतं. कारखाने, उद्योग सामाजिक दायित्वाच्या खात्यातून देतात, पण "ग्रंथालयाला मदत करा" असं मोघम पत्र नेऊ नका. "बालविभागासाठी तीन रॅक, दोनशे पुस्तकं, एवढा खर्च, सोबत दरपत्रक" असं न्या. राज्य शासनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारही आहे, अर्ज करायला हरकत नाही. पण पुरस्कारासाठी फाइल सजवण्यात वर्ष घालवू नका.

पद सोडताना

मुदत संपायच्या सहा महिने आधी हस्तांतराची यादी सुरू करा. चाव्या, मूळ कागद, ठेवींच्या पावत्या, चेकबुक, शिक्के हे सगळ्यांना सुचतं. हल्ली खरा घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. धर्मादायचं ऑनलाइन खातं, आयकराचं खातं, बँकेचा ओटीपी, संस्थेचा ई-मेल, हे सगळं एखाद्या माजी कार्यवाहांच्या मोबाइल नंबरावर नोंदलेलं असतं. ते रागावून गेलेले असतात, किंवा मुलाकडं पुण्याला राहायला गेलेले असतात, आणि दर वेळी सहा आकड्यांसाठी त्यांना फोन करावा लागतो. संस्थेच्या नावानं एक सिमकार्ड घ्या, ते ग्रंथालयातल्याच फोनमध्ये ठेवा, सगळी खाती त्यावर वळवा आणि पासवर्ड लिहिलेलं पाकीट सीलबंद करून अध्यक्षांच्या कपाटात ठेवल्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये करा. त्या सिमचा रिचार्ज कोण करणार, तेही लिहा.